वास कोणाच्या नाकात असतो?

'वास' हा शब्द आपल्याकडे साधा राहिलेला नाही. वसतिगृहात असताना "यांच्या अंगाला वास येतो" हे वाक्य मी पाठीमागून ऐकले आहे. आज मी प्राणिशास्त्र शिकवतो. तेव्हा या वाक्याची तपासणी नाकापासूनच करावी म्हणतो.

नाकाच्या वरच्या भागात गंधपेशींचा लहानसा पट्टा असतो. या पेशींच्या आवरणात प्रथिने सात वेळा आतबाहेर ओवलेली असतात. गंधाचा रेणू त्यांच्या खोबणीत बसला की पेशी मेंदूकडे संदेश धाडते. ही प्रथिने कशी घडवायची याचा मजकूर जनुकांत असतो. लिंडा बक व रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली उंदरांत ही जनुके शोधली. २००४ साली त्यांना नोबेल मिळाले. माणसात अशी सुमारे ४०० जनुके चालू आहेत, त्याहून अधिक मोडून पडलेली आहेत.

त्यांतले एकच घेऊ : 'ओआर७डी४'. अँड्रोस्टेनोन हा रेणू त्याच्या प्रथिनाला चिकटतो. हा रेणू नर डुकराच्या लाळेत आणि चरबीत असतो, माणसाच्या घामातही असतो. मग कोणाच्या घामात, असा प्रश्न कोणी विचारील. अहो, सगळ्यांच्याच! ब्राह्मणाच्या आणि मांगाच्या घामाचे रसायनशास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही.

२००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की या जनुकाचे दोन प्रकार सर्रास आढळतात. त्यांच्या प्रथिनांत फरक फक्त दोन अमिनो आम्लांचा, ८८व्या आणि १३३व्या जागी. पहिल्या प्रकाराच्या दोन्ही प्रती असलेल्यांना हा वास उग्र आणि किळसवाणा वाटण्याची शक्यता अधिक. दुसरा प्रकार असलेल्यांना तो सौम्य लागतो. काहींना तो गोडसर, व्हॅनिलासारखा वाटतो, काहींना मुळीच येत नाही. २०१२ साली डुकराच्या मांसावरही प्रयोग झाला. अँड्रोस्टेनोन असलेले मांस पहिल्या प्रकाराच्या लोकांना अधिक नकोसे वाटले.

म्हणजे रेणू तोच, मांस तेच. घाण ठरली ती हुंगणाऱ्याच्या पेशीत. अर्थात सगळाच तिटकारा जनुकाच्या माथी मारता येणार नाही. वसतिगृहातला तो मुलगा माझ्या जवळही आलेला नव्हता. त्याच्या नाकात कुठलाच रेणू शिरला नव्हता. तो वास त्याला घरून शिकवून पाठवला होता.

जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. त्यामुळे एकाच ताटात जेवणाऱ्या दोन सख्ख्या भावांतही एकाला तो वास झोंबतो, दुसऱ्याला पत्ता लागत नाही.