पुरवणी मागण्या आणि आंजर्ल्याची वाडी

सरकारचें अंदाजपत्रक म्हणजे रयतेशीं केलेला वर्षाचा करार होय. त्याची शाई वाळते न वाळते तोंच त्यास पुरवणी जोडण्याची पाळी कां यावी, हें विचारण्याचा हक्क प्रत्येक कर देणारास आहे.

पुरवणी मागणी मुळांतच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ कोंकणच्या किनाऱ्यावर आदळलें आणि आंजर्लें, केळशी आदिकरून गांवांतील नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसांत आडव्या झाल्या. मार्चमध्यें अंदाजपत्रक मांडणाऱ्या अर्थमंत्र्यांस हें संकट दिसणें शक्यच नव्हतें. अशा प्रसंगासाठींच घटनेच्या २०५ व्या कलमानें जादा रक्कम मागण्याची वाट ठेविली आहे. विधिमंडळ भरेपर्यंत धीर निघत नसेल, तर २६७ व्या कलमाचा आकस्मिकता निधि आहे.

परंतु आपद्ग्रस्तांसाठीं ठेविलेल्या या वाटेनें आतां कोण जातें तें पाहावें. सन २०२४-२५ चें अतिरिक्त अंदाजपत्रक २८ जून २०२४ रोजीं मांडलें गेलें. आणि अवघ्या अकरा दिवसांनीं, ९ जुलै रोजीं, ९४,८८९ कोटि रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहापुढें आल्या. त्यांतील २५,००० कोटि लाडकी बहीण योजनेसाठीं होते, आणि ही योजना तर त्याच अंदाजपत्रकांत जाहीर झालेली! योजना इष्ट कीं अनिष्ट, हा वाद येथें नाहीं. ठाऊक असलेला खर्च मूळ हिशेबांत कां नव्हता, एवढेंच आम्ही पुसतों. त्या अकरा दिवसांत असें कोणतें वादळ झालें होतें?

यांत नुकसान कोणाचें? ज्याचें गाऱ्हाणें लहान, त्याचें. निसर्ग वादळानंतर बागायतीस हेक्टरीं ५०,००० रुपयांची मदत जाहीर झाली. आंकडा मोठा दिसतो. पण कोंकणांतील वाडी गुंठ्यांनीं मोजतात, आणि गुंठ्यास ही रक्कम सुमारें पांचशें रुपये पडते. नारळ लावल्यापासून फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात, ही गोष्ट सभागृहांत विस्तारानें मांडण्यास अवधि हवा. सप्टेंबर २०२० मध्यें साथीमुळें अधिवेशन दोन दिवसांचें झालें. पुरवणी मागण्या मात्र २९,०८४ कोटींच्या होत्या. त्या गर्दींत गुंठ्याचा हिशेब कोण करणार?

याच रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले नामदार गोखले १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलले, तेव्हां सभासदांस बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. आज मताचा हक्क हातीं आहे. तो विचार न करितां वापरणें म्हणजे मिळविलेलें स्वराज्य गहाण टाकणें होय.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक पुरवणी मागणीसोबत, हा खर्च आरंभीं कां दिसला नाहीं, याचा खुलासा छापावा. आपत्तीच्या मागण्या निराळ्या काढून त्यांवर स्वतंत्र चर्चा व्हावी. आणि आंजर्ल्याच्या बागायतदारानें आपला आमदार दारीं येईल तेव्हां त्यास विचारावें, 'आमच्या नांवानें मागितलेल्या पैशावर आपण किती वेळ बोललांत?'