शेवाळाने राखलेला ठेवा



20 जुलै 2006 रोजी आयर्लंडमधील टिपररी परगण्यात फॅडन मोर नावाच्या दलदलीत यंत्राने माती उपसण्याचे काम चालले होते. काम करता करता यंत्रचालकास चिखलात एक निराळीच वस्तू दिसली. ती वस्तू म्हणजे चामड्याच्या वेष्टनातील लॅटिन स्तोत्रग्रंथ होता, इसवी सन 800 च्या सुमारास वासराच्या कातड्यावर हाताने लिहिलेला. तेथील मंडळींनी तो उन्हात वाळत घातला नाही. उलट त्याच दलदलीच्या ओल्या मातीने झाकून ठेवला. हे त्यांचे शहाणपण मोठे उपयोगी पडले.

आपल्याकडे पेटीतल्या कागदाला दोन पावसाळ्यांत कसर लागते. मग बाराशे वर्षे चिखलात पडलेला ग्रंथ उरला कसा? याचे उत्तर एका क्षुद्र वनस्पतीपाशी आहे. स्फॅग्नम हे तिचे नाव. आषाढात आपल्या भिंतींवर जे हिरवे शेवाळ चढते, त्याच्याच गोतातली ती आहे.

या शेवाळाला मुळे नसतात. त्याच्या पानांत जिवंत पेशींच्या शेजारी मोठ्या, मृत आणि पोकळ पेशी असतात. त्या पाण्याने भरून राहतात. अशा रीतीने ते आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवू शकते. शिवाय पाण्यातील कॅल्शियमादी क्षार ते शोषून घेते व त्यांच्या मोबदल्यात आम्लकारक हायड्रोजन पाण्यात सोडते. त्यामुळे भोवतालचे पाणी आंबट होते. इतर बहुतेक वनस्पतींस तेथे तग धरता येत नाही. शेवाळ मात्र सुखाने वाढते. आपले घर ते आपणच बांधते, असे म्हटले तरी चालेल.

सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या वितळल्या तेव्हा आयर्लंडच्या मध्यभागी उथळ तळी मागे राहिली. ती बोरू, लव्हाळे आणि त्यांचा कुजट गाळ यांनी हळूहळू भरत गेली. पुढे त्या थरावर स्फॅग्नमने ठाण मांडले. त्याचा शेंडा वर वाढतो व बूड खाली मरते. परंतु तळाशी प्राणवायू नाही आणि पाणी आंबट, म्हणून मेलेला भाग पुरता कुजत नाही. त्याचाच थर साचून जी माती होते तिला पीट म्हणतात. ती वर्षाला अवघी एक मिलिमीटरभर चढते. म्हणजे पुरुषभर खोल थरामागे सुमारे दीड हजार वर्षे उभी असतात! जे शेवाळास कुजू देत नाही, त्यानेच त्या ग्रंथालाही राखले. कित्येक पानांवर तर कातडे विरघळून गेले आणि अक्षरे तेवढी उरली. कारण लोहक्षार व माजूफळासारख्या गाठी यांच्या शाईने अक्षरांखालचे कातडे जणू कमावले गेले होते.

परंतु या ठेव्याची दुसरी बाजूही आहे. आयर्लंडची सुमारे एक पंचमांश भूमी पीटची असून शेकडो वर्षे तेथील गरिबांच्या चुली त्यावरच पेटल्या. वसंत ऋतूत लांब फाळाच्या कुदळीने पीटच्या विटा कापायच्या, उभ्या रचून वाळवायच्या आणि हिवाळ्यापूर्वी घरी आणायच्या; या कामास सारे कुटुंब लागे. पुढे 1946 मध्ये बोर्ड ना मोना ही सरकारी संस्था स्थापन झाली व यंत्रांनी उपसा सुरू झाला. पीट जाळून वीजही निर्माण होऊ लागली.

आता कळते की जगाच्या भूमीपैकी केवळ तीन टक्के पीटभूमीत जगातील सर्व अरण्यांहूनही अधिक कार्बन साठलेला आहे. चर खणून दलदल सुकविली की थरांत हवा शिरते, कुजणे सुरू होते आणि तो कार्बन वायुरूपाने वातावरणात जातो. म्हणून 2011 मध्ये आयर्लंड सरकारने संरक्षित अशा 53 दलदलींत विटा कापण्यास मनाई केली. पुष्कळ कुटुंबांनी कडाडून विरोध केला. वाडवडिलांपासून चालत आलेला हक्क आणि घरची ऊब जाणार, हे दुःख खोटे नव्हते. सरकारने वार्षिक भरपाई अथवा अन्य ठिकाणचे पीट देऊ केले. 2021 साली बोर्ड ना मोनानेही आपला उपसा कायमचा थांबविला. आता कित्येक ठिकाणी जुने चर पीटच्याच बांधांनी बुजविले जात आहेत. पाणी पुन्हा चढले की शेवाळ परत येऊ लागते.

आपण यापासून अगदीच अलिप्त आहोत असे नाही. परदेशांतील बागवान रोपांसाठी पीट वापरीत आले आहेत. त्याऐवजी आता नारळाच्या सोडणाचा भुसा वापरात येत असून तो आपल्या देशातूनही जहाजांनी तिकडे जातो.

त्या स्तोत्रग्रंथाच्या डागडुजीस काही वर्षे लागली. नंतर 2011 मध्ये डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो लोकांस पाहावयास ठेवण्यात आला. ज्या मातीने तो बाराशे वर्षे सांभाळला, ती मात्र कुंड्या भरण्यासाठी उपसली जात होती. वीतभर थर यंत्र क्षणात उचलते. तो पुन्हा साठावयास दोन शतके लागतात. घरात एखादी जुनी वस्तू टाकून देण्यापूर्वी वडीलधारी माणसे ती एकदा हातात घेऊन निरखतात. जमिनीच्या बाबतीतही तेवढा विचार आपण करावा, हे बरे.