हौसेची मोटार विकतांना

हौसेला मोल नसतें, अशी आपल्याकडे म्हण आहे. वस्तु घेणाऱ्याच्या तोंडीं ती शोभून दिसते. तीच वस्तु विकावयास काढणाऱ्यास मात्र तिचा दुसरा, जरा कडू अर्थ कळूं लागतो. इंग्लंडांत जपानी स्पोर्ट्‌स मोटारी बाळगणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. अशी मोटार उत्तम निगेंत ठेवून, तिच्यांत मनाजोगे फेरफार करून, पुढें संसाराच्या गरजेपायीं ती विकण्याची पाळी आली म्हणजे काय होतें, तें आम्ही येथें सांगणार आहों.

जपानांत इंग्लंडप्रमाणेंच वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. त्यामुळें तिकडे वापरलेली मोटार जहाजांतून आणावी, वेगाची तबकडी मैलांची करावी, मागें धुक्यांत दिसणारा तांबडा दिवा लावावा, कीं ती इंग्रजी रस्त्यावर चालावयास बहुतेक तयार! अशा गाड्यांत निसान कंपनीची स्कायलाइन जी.टी.-आर. विशेष नांवाजलेली. तिची 'आर ३२' ही जात १९८९ ते १९९४ या काळांत निघाली. तिच्या सहा सिलिंडरांच्या, दोन टर्बो असलेल्या इंजिनाची शक्ति २८० अश्वशक्ति एवढीच जाहीर केली जाई. कारण त्याहून मोठा आंकडा छापावयाचा नाहीं, असा जपानी कारखानदारांचा आपसांतला संकेत होता व तो २००४ पर्यंत टिकला. इंजिन मात्र शर्यतीच्या हिशेबानें घडविलेलें. त्याच्या पोटांत अधिक जोर दडला आहे हें ठाऊक झाल्यावर मालकाचे हात शिवशिवले नाहींत तरच नवल!

टर्बो म्हणजे इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर फिरणारा पंखा; तो इंजिनांत जादा हवा कोंबतो. या हवेचा दाब वाढविला कीं शक्ति वाढते. परंतु 'आर ३२'च्या मूळ टर्बोंतील धुराकडचें चक्र चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचें आहे. दाब फार वाढविल्यास तें दांड्यापासून तुटतें. म्हणून जाणता मालक आधीं धातूच्या चक्राचे टर्बो बसवितो, मग इंधनाचा मोठा पंप, आणि असें एकांतून दुसरें निघत जातें. शेवटीं विकावयाच्या वेळीं तो पावत्यांची बेरीज करून ती किमतींत मिळवूं पाहतो. आमच्या मतें निराशेचें मूळ येथेंच आहे. दागिना मोडीत घातला कीं सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळ कोणी परत देत नाहीं. मोटारीचें तर याहून विपरीत. तेथें जाणतें गिऱ्हाईक मूळच्या भागांसच अधिक मान देतें. ज्यानें मूळचीं चाकें, मूळचे टर्बो, धुराची मूळची नळी जपून ठेविली, त्याचें काम सोपें होतें. (माळ्यावरची अडगळ म्हणून घरच्या मंडळींनीं कितीही नाकें मुरडलीं तरी ती टाकूं नये!)

मग विकावयाचें तें काय? गाडीचा पूर्वेतिहास. स्थळ पाहतांना पत्रिका मागावी, तसा प्रथम जपानांतील लिलावाचा कागद मागितला जातो. त्यावरील गाडीच्या आकृतीवर परीक्षकानें ओरखड्याच्या जागीं 'ए', पोंच्याच्या जागीं 'यू' अशा खुणा केलेल्या असतात; प्रतीच्या जागीं 'आर' असल्यास अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी समजावी. इंग्लंडांतील वार्षिक तपासणीची २००५ पासूनची नोंद तर कोणासही घरबसल्या संगणकावर पाहतां येते. तींत त्या त्या वेळचे मैल असतात, नापास झाल्याचीं कारणेंही असतात. मूळची १८० किलोमीटरपर्यंतची तबकडी काढून मोठ्या आंकड्यांची बसविली असेल, तर अंतराचा मोजही बदललेला असतो. जुनी तबकडी व ती काढल्याची पावती जवळ नसेल तर प्रामाणिक माणसाकडेही संशयानें पाहिलें जातें.

गाडी दाखवावयाच्या दिवशीं इंजिन आधीं तापवून ठेवूं नये. थंड इंजिन सुरू होतांना निळसर धूर येतो कीं काय, हें गिऱ्हाइकास पाहूं द्यावें. गंजाविषयीं आपण होऊन बोलावें. जपानी बाजारासाठीं केलेल्या या गाड्यांच्या तळाला जाड संरक्षक लेप नसे, आणि इंग्लंडांत हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. बाह्यांगाचीं वीस छायाचित्रें नि तळाचें एकही नाहीं, अशी जाहिरात पाहून आम्हांस तरी हातचें राखून सांगितलेल्या स्थळाचीच आठवण होते.

किमती चढण्याचें एक कारण अमेरिकेंत आहे. तेथील १९८८ च्या कायद्यामुळें, अमेरिकन नियमांप्रमाणें न बांधलेली परदेशी मोटार पंचवीस वर्षांची होईपर्यंत आणणें जवळजवळ अशक्य. पंचविशी उलटली कीं सूट मिळते. १९८९ सालची गाडी २०१४ मध्यें अशी मोकळी झाली, आणि अमेरिकन डॉलर या गाड्यांकडे वळले.

व्यवहार ठरल्यावर दोघांच्या सह्यांची पावती करावी. कारण तेथील नोंदणीपुस्तकांत गाडी बाळगणाऱ्याचें नांव असतें, तो मालकीचा पुरावा नव्हे. पैसे बँकेंत जमा झाल्याची खात्री करूनच किल्ल्या द्याव्या. फेरफारांची पूर्ण यादीही लिहून द्यावी. नव्या मालकास विमा उतरवितांना ते सर्व सांगावे लागतात, आणि एखादा जरी राहिला तरी अपघाताच्या वेळीं भरपाई अडकूं शकते.