इंजिनिअरने घडविलेली हृदयाची झडप

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पहाटे पाचच्या सुमारास दवाखान्याची कडी वाजली. दारात ऊसतोडीला गेलेले एक जोडपे उभे होते. कारखान्याच्या फडावरून रात्रीची एसटी धरून दोघे थेट माझ्याकडे आले होते. बाईंना इतका दम लागला होता की एक वाक्य पुरे बोलता येत नव्हते. नवरा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हिला आडवं होता येईना. आणि हिच्या छातीतलं घड्याळ वाजायचं थांबलंय बघा."

हे 'घड्याळ' म्हणजे काय, ते मला ठाऊक होते. चार वर्षांपूर्वी मोठ्या शहरात या बाईंच्या हृदयात कृत्रिम झडप बसविली होती. अशा झडपेची चकती मिटताना 'टिक' असा आवाज होतो आणि रात्रीच्या शांततेत तो शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येतो. मी छातीला स्टेथोस्कोप लावला. नेहमीचा स्वच्छ आवाज नव्हता. होता तो अगदी दबका. झडप अडकली होती.

चौकशी केली तेव्हा कळले, की रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या तीन आठवड्यांपूर्वीच संपल्या होत्या. फडाजवळ औषधाचे दुकान नव्हते. "बरं वाटत होतं, म्हणलं घरी गेल्यावर घेऊ," बाई कशाबशा म्हणाल्या.

प्राणवायू लावून त्यांना जीपने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. तेथील हृदयरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफीने पाहिले. झडपेवर रक्ताची गुठळी धरली होती. गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून दिले आणि दोन दिवसांनी टिकटिक पुन्हा सुरू झाली. बाई वाचल्या. प्रत्येक रुग्ण इतका नशीबवान नसतो. यात चूक त्यांची एकट्यांची नव्हती. टोळीबरोबर त्या चार-पाच महिने बाहेर राहणार हे मला माहीत असूनही पुरेशा गोळ्या लिहून देण्याचे माझ्याकडून राहून गेले होते. म्हणूनच हा विषय आज वाचकांपुढे मांडत आहे.

झडप खराब का होते?

आपल्या हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही, हे त्यांचे काम. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह जे करतो तेच. हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते आणि तितक्याच वेळा झडप उघडते व मिटते.

आपल्या भागात तरुण वयात झडपा खराब होण्याचे मोठे कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा विशिष्ट जंतूंमुळे सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे, घोटे, कोपरे आळीपाळीने सुजतात. सूज उतरते आणि घरचे विसरून जातात. हा आजार सांध्यांना चाटतो पण हृदयाला चावतो, असे आम्हाला शिकविले गेले, ते अगदी खरे आहे. पुढे दहा-पंधरा वर्षांनी झडप जाड होऊन आक्रसते व दम लागू लागतो. मुलींच्या बाबतीत कित्येकदा पहिल्या बाळंतपणातच हे उघडकीला येते.

जहाजाच्या कारखान्यातून दवाखान्यात

पूर्वी झडपेचे निदान कानावरच अवलंबून असे. झडप नेमकी किती अरुंद झाली आहे, हे ठरविणे अवघड होते. स्वीडनमधील लुंड येथील डॉ. इंगे एडलर यांना हीच अडचण होती. त्यांनी हेल्मुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाची मदत घेतली. जहाजबांधणीच्या कारखान्यात लोखंडातील तडे शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे एक यंत्र वापरले जाई. हर्ट्झ यांनी ते उसने आणले आणि १९५३ मध्ये या जोडीने हलत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. आज ज्याला आपण 'इको' म्हणतो, त्याचा हा जन्म. सुई नाही, वेदना नाही, आणि झडप डोळ्यांनी दिसते.

उपचाराचेही तसेच. अमेरिकेत लोवेल एडवर्ड्स या निवृत्त इंजिनिअरने शल्यचिकित्सक अल्बर्ट स्टार यांच्याबरोबर पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप बनविली. १९६० मध्ये ती रुग्णाला यशस्वीरीत्या बसविली गेली.

आपली 'चित्रा' झडप

परदेशी झडपा आपल्याकडे येत होत्या. पण त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी इंजिनिअर जी. एस. भुवनेश्वर आणि सहकाऱ्यांसह देशी झडप बनविण्याचे काम हाती घेतले. एकाच संस्थेत एका बाजूला रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूला यंत्रशाळा, अशी तिची रचना आहे.

पहिले तीन नमुने फसले. एकात तर कृत्रिम नीलमण्याची चकती होती. पदार्थ अत्यंत कठीण. पण मेंढीच्या हृदयात बसविल्यावर ती फुटली. माणसावर प्रयोग करण्याआधी जनावरावर परीक्षा का घ्यावी लागते, ते यावरून समजावे. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट, अतिशय चिवट प्लॅस्टिकची चकती आणि टाके घालण्यासाठी पॉलिएस्टरच्या कापडाची कडा वापरली. प्लॅस्टिकमुळे हिचा आवाजही सौम्य असतो. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णाला बसविली. त्यानंतर एक लाखाहून अधिक चित्रा झडपा रुग्णांच्या हृदयात बसविल्या गेल्या आहेत. डॉ. वलियाथन २०२४ मध्ये निवर्तले; त्यांची झडप चालूच आहे.

प्रत्येकाला झडप बदलावीच लागते असे नाही. आक्रसलेली झडप मांडीतील शिरेतून फुगा नेऊन रुंद करता येते. जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांनी ही पद्धत १९८० च्या दशकात रूढ केली. कोणाला काय योग्य, ते इको पाहून हृदयरोगतज्ज्ञ ठरवितात.

झडप बसविलेल्यांनी हे लक्षात ठेवावे

१. धातूच्या झडपेवर रक्त गोठू पाहते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, रोज ठरल्या वेळी घ्यावी. उपास असला तरी गोळीला सुट्टी नाही. परगावी जाताना पुरेशा गोळ्या बरोबर न्याव्यात.

२. 'पीटी-आयएनआर' ही रक्ताची तपासणी महिन्यातून निदान एकदा करावी. आकडा कमी झाला तर गुठळीचा धोका, फार वाढला तर रक्तस्रावाचा. आपला आकडा किती असावा, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

३. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये. कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर आधी झडपेचे सांगावे. दात काढण्यापूर्वी तर जरूर सांगावे.

४. मेथी, पालक वर्ज्य नाहीत. पण एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असे करू नये. प्रमाण सारखे ठेवावे.

५. मूल हवे असल्यास दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. काही गोळ्या गर्भाला अपाय करतात. पण भीतीने त्या आपल्या मनाने बंद केल्या तर आईच्या जिवावर बेतते.

६. एकाएकी दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, झडपेचा आवाज दबणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये.

आणि ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांच्यासाठी : घसादुखीबरोबर ताप असेल तर तपासून घ्या आणि सांगितलेला औषधाचा कोर्स पुरा करा. सांधे सुजून गेले असतील तर इको करून घ्या. ऱ्हुमॅटिक ताप ठरलाच, तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चुकवू नका. झडप बदलण्यापेक्षा ती वाचविणे केव्हाही स्वस्त आणि चांगले.

त्या बाई अजून माझ्याकडे येतात. हंगामाला निघण्यापूर्वी नवरा-बायको दोघे येऊन पाच महिन्यांच्या गोळ्या मोजून घेतात. कारखान्याच्या गावात रक्त कोठे तपासायचे, ते मी चिठ्ठीवर लिहून देतो. ती चिठ्ठी नवरा खिशात ठेवतो आणि हसून म्हणतो, "घड्याळाला चावी मीच देतो, डॉक्टरसाहेब."