‘जादा’ची किंमत आधी कळायला हवी

चोर्ला घाट ओलांडून बेळगावला जाणे गोमंतकीयांच्या अंगवळणी पडले आहे. चतुर्थीची खरेदी असो, लग्नाचा बस्ता असो वा इस्पितळात दाखल असलेल्या आप्ताची भेट असो, दिवसातले एक जेवण तरी बेळगावात होतेच. पुढे कोल्हापूर-पुण्याकडे निघालेली वाहने निपाणीच्या आसपास चहा-नाश्त्यासाठी थांबतात. या प्रवासात अनेकांना एक अनुभव हमखास येतो. मेनूवरील दर पाहून मनाशी बांधलेला हिशेब आणि हाती पडलेले बिल यांचा मेळ बसत नाही. तफावत तीस-चाळीस रुपयांचीच असते. तेवढ्यासाठी वाद कशाला, असे म्हणून आपण पैसे देतो. पण फसवणूक झाल्याची रुखरुख पुढचा घाट उतरेपर्यंत सोबत करते.

ही फसवणूक असते का? कधी असते, कधी नसते. पदार्थात आपल्या आवडीप्रमाणे बदल करून मागितला की त्याचे जादा पैसे घेण्यास कायद्याची मनाई नाही. प्रश्न आहे तो ते पैसे घेण्यापूर्वी ग्राहकाला सांगितले होते की नाही, एवढाच. या एका कसोटीवर बहुतेक वादांचा निवाडा करता येतो.

सत्तेचाळीस रुपयांचा हिशेब

एक काल्पनिक बिल घेऊ. तिघांनी प्रत्येकी 90 रुपयांचा मसाला डोसा मागवला. एकाने तेलाऐवजी लोणी लावायला सांगितले. दुसऱ्याने बटाट्याची भाजी नको म्हटले. तिसऱ्याने खोबऱ्याची चटणी पुन्हा मागितली आणि सोबतच्या लहानग्यासाठी एक रिकामी ताटली घेतली. मनातला हिशेब असा: डोशांचे 270 रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी 13 रुपये 50 पैसे, एकूण 283 रुपये 50 पैसे. प्रत्यक्षात बिलावर लोण्याचे 20, चटणीचे 15 आणि जादा ताटलीचे 10 रुपये चढले. बेरीज 315, कर 15 रुपये 75 पैसे, एकूण 330 रुपये 75 पैसे. फरक सव्वासत्तेचाळीस रुपयांचा.

आता एकेक नोंद तपासू. लोणी तेलाहून महाग आहे, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे घेणे वाजवी. भाजी न घेतल्याबद्दल मात्र एक रुपयाही कमी झालेला नाही. याची खंत अनेकांना वाटते. पण पदार्थाचा दर हा केवळ जिन्नसांचा नसतो. जागेचे भाडे, गॅस, वीज, आचाऱ्याचा आणि वाढप्याचा पगार हे सारे त्यात मिसळलेले असते. चमचाभर भाजी वाचली म्हणून तो खर्च घटत नाही. उलट, कांदा-लसूण वगळून वेगळा पदार्थ करायचा तर घाईच्या वेळी वेगळी कढई चढवावी लागते आणि तेवढा वेळ एक शेगडी अडते. म्हणूनच वगळण्याने दर उतरत नाही, घालण्याने मात्र चढतो. हे ग्राहकाला गैरसोयीचे असले तरी बेकायदेशीर नाही.

खरा वाद चटणीचा आणि ताटलीचा. चटणी फुकटच दिली पाहिजे असे कोणताही कायदा म्हणत नाही. तरीही तिचे पैसे लावलेले पाहून आपण दचकतो, कारण येथे कायद्याच्या आधी रूढी उभी असते.

दोन खाद्यरूढींच्या सीमेवर

बेळगाव-निपाणीचा पट्टा हा जसा भाषांचा, तसाच खाद्यरूढींचाही संगम आहे. दक्षिणेकडून आलेल्या उडुपी पद्धतीच्या उपाहारगृहात इडली-डोशासोबतचे सांबार आणि चटणी मागाल तेवढी वाढण्याची रीत आहे. एक कॉफी किंवा सूप दोघांत वाटून देण्याची ‘बाय टू’ ही तर कर्नाटकाची खास ओळख. उत्तरेकडून आलेल्या कोल्हापुरी रीतीत मिसळीचा कट पुन्हा मागितला तर बहुधा पैसे पडत नाहीत, जादा पावाचे मात्र पडतात. मटणाच्या ताटासोबत तांबडा-पांढरा रस्सा अनेक ठिकाणी हवा तेवढा मिळतो, मटणाची वाटी मात्र मोजून. आपल्या गोव्यात भाजी-पाव खाताना पाव नगावर मोजले जातात आणि माशाच्या थाळीबरोबर मागवलेला मोठा तळलेला तुकडा वेगळ्या दराचा असतो. हे येथे कोणाला सांगावे लागत नाही.

अशा रूढी म्हणजे एक प्रकारचे अलिखित दरपत्रकच. काय फुकट आणि काय विकत, हे त्या त्या गावातल्या गिऱ्हाइकाला ठाऊक असते. परगावच्या माणसाला ते ठाऊक नसते. तो आपल्या गावची रीत मनात घेऊन बसलेला असतो. शिवाय रूढीही बदलत आहेत. खोबरे, तेल, गॅस यांचे दर वाढले की मालक मेनूवरील मोठा दर वाढवण्यास कचरतो, कारण गिऱ्हाईक तो आकडा पाहूनच आत येते. मग वाढ शिरते ती दुसऱ्या चटणीत, रिकाम्या ताटलीत, पार्सलच्या डब्यात. म्हणजे जे दर ठळक दिसतात ते स्थिर राहतात आणि जे दिसत नाहीत ते वाढतात. गैरसमज येथेच जन्मतो.

या पट्ट्यात त्यात भाषेची भर पडते. बेळगावच्या अनेक उपाहारगृहांत वाढपी मराठीत बोलतो, मालक मराठीत विचारपूस करतो. पण दरपत्रक पुष्कळदा कन्नड आणि इंग्रजीत असते. या दोन्ही लिप्या न वाचणाऱ्या ज्येष्ठांची सारी मदार तोंडी बोलण्यावर असते. ‘जरा लोणी जास्त लाव’ या वाक्याला ‘लावतो की’ एवढेच उत्तर मिळाले आणि किमतीचा उच्चार झाला नाही, तर त्यांना ती कळण्याचा मार्गच उरत नाही. इस्पितळात आठवडाभर मुक्काम ठोकून, रोजचे पैसे मोजून खर्च करणाऱ्या नातेवाइकासाठी दर जेवणामागे वाढणारे चाळीस रुपये ही क्षुल्लक बाब नव्हे.

कायदा काय सांगतो

ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. वस्तू व सेवेचा दर्जा, प्रमाण, शुद्धता यांबरोबरच तिची किंमत जाणून घेण्याचा हक्क त्यात ग्राहकाला दिलेला आहे. उभय पक्षांत ठरलेल्या किमतीपेक्षा अधिक रक्कम आकारली तर ते तक्रारीचे कारण ठरते. बिल न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मेनूवर ‘जादा लोणी 20 रुपये’ असे छापलेले असेल तर ते न वाचल्याची सबब ग्राहकाला सांगता येणार नाही. पण कोठेही लिहिलेले नसेल आणि तोंडीही सांगितलेले नसेल, तर ती किंमत उभयतांत ठरली होती असे मालकाला म्हणणे कठीण जाईल.

सेवा शुल्काची गोष्ट वेगळी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून हॉटेलांनी बिलात सेवा शुल्क आपोआप जोडू नये, दुसऱ्या नावानेही ते वसूल करू नये आणि ते ऐच्छिक असल्याचे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, असे बजावले. हॉटेलचालकांच्या संघटनांनी त्याला आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ही तत्त्वे वैध ठरवली. त्या निकालाविरुद्ध अपील दाखल झाले आहे. वाढप्याला स्वखुशीने बक्षिसी देणे वेगळे आणि बिलात घालून ती वसूल करणे वेगळे, हा भेद या निकालाने अधोरेखित केला.

कराबाबतही गोंधळ असतो. सर्वसाधारण उपाहारगृहांतील सेवेवर नोव्हेंबर 2017 पासून पाच टक्के जीएसटी आहे. जादा लोणी किंवा पार्सलचा डबा यांवर वेगळा, चढा कर लागत नाही. पदार्थाचा जो दर तोच त्यांचाही. जेवण जेथे वाढले जाते त्या राज्याचा कर लागतो. त्यामुळे गोव्याचा माणूस निपाणीत जेवला तर कराचा अर्धा वाटा कर्नाटकाचा, कागलला जेवला तर महाराष्ट्राचा. एकूण दर मात्र तोच. लहान खाणावळी अनेकदा ‘कंपोझिशन’ योजनेत असतात. त्यांना ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेण्याची मुभाच नाही. बिलावर जीएसटी नोंदणी क्रमांक नसताना कराची ओळ दिसली तर शंका घ्यावी.

पाण्याच्या बाटलीबद्दल मात्र आपला समज तपासून पाहायला हवा. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणे गुन्हा आहे, असे आपण मानतो. दुकानातून बाटली घेताना ते खरेच आहे. परंतु हॉटेल-उपाहारगृहात बसून घेतलेल्या बाटलीत जागा आणि सेवा यांचाही अंतर्भाव होतो, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये त्यांना छापील किमतीहून अधिक दर आकारण्यास वाव दिला. म्हणून न मागता टेबलावर ठेवलेली बाटली फोडण्यापूर्वी दर विचारणे किंवा साधे पाणी मागणे श्रेयस्कर.

मोबाइलवरची मागणी

अ‍ॅपवरून जेवण मागवताना हाच प्रकार वेगळ्या रूपाने भेटतो. पदार्थ निवडला की जादा चीज, जादा ग्रेव्ही, शीतपेय असे पर्याय पुढे येतात आणि शेवटच्या पानावर बांधणावळ, हाताळणी, वितरण अशी शुल्के एकामागून एक उगवतात. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतूनच घेतली पाहिजे. आधीच खूण केलेली चौकट ही संमती ठरत नाही. 30 नोव्हेंबर 2023 रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा फसव्या रचनांची यादी आहे. सुरुवातीला कमी किंमत दाखवून पुढे ती थेंबाथेंबाने वाढवणे आणि ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू सरकवणे या दोन्हींचा त्यात समावेश आहे. म्हणजे पडद्यावर जे निषिद्ध ठरले, तेच टेबलावर न सांगता घडत असते.

तक्रार कोठे करावी

पहिली पायरी काउंटरवरच. बिल हाती येताच ओळीन् ओळ वाचावी आणि न सांगितलेली रक्कम शांतपणे दाखवून द्यावी. वाढप्यावर आवाज चढवण्यात अर्थ नाही. दर त्याने ठरवलेले नसतात आणि बिलातली चूक अनेकदा त्याच्याच माथी मारली जाते. मालकाशी किंवा व्यवस्थापकाशी बोललेले बरे. पुष्कळदा वाद तेथेच मिटतो.

न मिटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तेथे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत बोलता येते. बिलाचे आणि मेनूचे छायाचित्र जवळ असावे. त्याही पुढे जायचे तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने येथे एक महत्त्वाची सोय केली आहे: ग्राहक स्वतः जेथे राहतो तेथील आयोगाकडेही तक्रार नोंदवू शकतो. बेळगावात झालेल्या व्यवहारासाठी पुन्हा घाट चढण्याची गरज नाही. उत्तर गोवा किंवा दक्षिण गोवा जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्ती नाही.

सत्तेचाळीस रुपयांसाठी आयोगापर्यंत कोणी जाणार नाही, हे खरे. पण हेल्पलाइनवर एका फोनाने नोंद होते, आणि एकाच प्रकारच्या तक्रारी साचल्या की यंत्रणेला दखल घ्यावी लागते. सेवा शुल्काच्या मार्गदर्शक तत्त्वांआधीही ग्राहकांच्या अशाच तक्रारी होत्या.

एक छोटी पाटी

यावरचा उपाय हॉटेलचालकाच्या हातात आहे आणि त्याला खर्च जवळपास नाही. जादा लोणी, जादा चटणी, जादा पाव, वाटून खाण्याची ताटली, पार्सलचा डबा यांचे दर एका पाटीवर कन्नड व मराठीत लिहून काउंटरजवळ लावावेत. मागणी घेताना वाढप्याने ‘याचे वीस रुपये वेगळे’ एवढे चार शब्द उच्चारावेत. गिऱ्हाईक बहुधा ‘हरकत नाही’ असेच म्हणेल. आणि आपणही पदार्थात बदल सुचवताना ‘याचे वेगळे पैसे पडतील का?’ असे विचारायला संकोचू नये. मागणी देताना हा प्रश्न साधा वाटतो. बिल आल्यानंतर विचारला की तोच भांडण होतो.