सामुदायिक आरोग्य परिचर्या : तत्त्व आणि व्यवहार
(हुबळी-धारवाडच्या संदर्भात)

प्रस्तावना

रुग्णालयातील परिचारिकेकडे रुग्ण स्वतः येतो. सामुदायिक आरोग्य परिचारिकेला मात्र कुटुंबाच्या दारात जावे लागते, आणि त्या घरात कोणी आजारी असेलच असे नाही. गरोदर स्त्री, तान्हे मूल, खोकणारे आजोबा, पिण्याच्या पाण्याची साठवण या सर्वांकडे तिला पाहावयाचे असते. दार उघडले नाही तर तिचे ज्ञान उंबरठ्यापाशीच थांबते. म्हणून या शास्त्राचा पाया वैद्यकाइतकाच विश्वासावर उभा आहे. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इस्लामी परंपरेत रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) यांचे नाव आदराने घेतले जाते. खंदकच्या लढाईत जखमी झालेले साद बिन मुआझ (रजि.) यांची शुश्रूषा मदीनेच्या मशिदीतील त्यांच्या तंबूत झाली, असे परंपरा सांगते. आधुनिक काळात विल्यम रॅथबोन यांनी १८५९ मध्ये लिव्हरपूल येथे गरिबांच्या घरी जाणाऱ्या परिचारिकेची व्यवस्था सुरू केली.

हुबळी-धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सैनिकांकरवी घरांची झडती घेण्यात आली. माजघरात परका पुरुष शिरल्याने लोक संतापले आणि रोगी लपवू लागले. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, हुबळीत प्लेगचा कहर झाला. तेथे हाफकिन यांची लस मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. धारवाड जिल्ह्यातील या कामात डॉ. ॲलिस कॉर्थर्न या महिला डॉक्टरही होत्या. एकाच रोगाला सामोरे जाण्याच्या या दोन रीती होत्या. झडतीने रोगी दडतो, तर लस घ्यावयाची तर माणसाला स्वतः हात पुढे करावा लागतो.

आजची रचना

१९४६ च्या भोर समितीने उपचाराबरोबर प्रतिबंधावर भर दिला आणि १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्ती आली, तर २०१३ च्या शहरी अभियानाने सुमारे ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी केंद्र हा निकष ठेवला. हुबळी-धारवाडसारख्या जोडशहराच्या दृष्टीने हा दुसरा टप्पा महत्त्वाचा आहे.

गृहभेटीचा व्यवहार

गृहभेट म्हणजे केवळ विचारपूस नव्हे. भेटीपूर्वी कुटुंबाची नोंद पाहणे, पिशवी उघडण्यापूर्वी हात धुणे, आधी ऐकणे व मग सांगणे, एका भेटीत पेलेल एवढाच सल्ला देणे, नोंद करणे आणि पुढील भेटीचा दिवस ठरविणे, असा तिचा क्रम असतो. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ‘आशा’ने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जावे असा नियम आहे. याचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या काळजीचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

भाषा आणि शिक्षकाचे कार्य

हुबळीच्या मोहल्ल्यांत दखनी, कन्नड व मराठी शेजारी शेजारी नांदतात. एका घरात ‘क्षय’ म्हटले की कळते, दुसऱ्या घरातील आजीला ‘तपेदिक’ हा शब्द जवळचा वाटतो. शब्द परका असला तर आजार सांगितला जात नाही.

पल्स पोलिओ मोहिमेत उत्तर प्रदेशातील काही मुस्लिम वस्त्यांत दारे बंद झाली होती. उलेमा तसेच अलिगढ मुस्लिम विद्यापीठ व जामिया मिल्लिया इस्लामिया यांच्या साहाय्याने तेथे समजुतीचे काम झाले. जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला.

समारोप

वस्तीतील मुलगी परिचारिका झाली तर तिला भाषा व रीतिरिवाज शिकवावे लागत नाहीत. तिला शास्त्र शिकवावे लागते. पण अनेक घरांत हे काम अजून हलके मानले जाते. हा समज पालकांच्या मनातून दूर करणे आणि हुशार विद्यार्थिनींना या अभ्यासक्रमाची वाट दाखविणे हे महाविद्यालयीन शिक्षकांच्या हाती आहे. त्यांनी ते केले नाही, तर बंद दारामागचे तान्हे मूल नोंदवहीच्या बाहेरच राहील.