मोठ्या कुरवाची ओळख

केंदूरच्या परिसरांतून वाहणारी वेळ नदी पुढें भीमेस मिळते, आणि भीमेचें पाणी १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनीच्या धरणानें अडविलें आहे. ह्या जलाशयाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूस, हिवाळ्यांत अनेक परदेशी पक्षी उतरतात. रोहित पक्ष्यांकडे सर्वांचें लक्ष जातें. आम्ही मात्र आज वाचकांस मोठ्या कुरवाची ओळख करून देणार आहों.

पल्लास नामक शास्त्रज्ञानें १७७३ सालीं ह्याचें शास्त्रीय वर्णन केलें. पुढें इंग्रजींत ‘मोठा काळ्या डोक्याचा कुरव’ असें त्याचें नांव रूढ झालें, आणि ह्या नांवानेंच नवशिका फसतो. काळें डोकें हा केवळ विणीच्या हंगामाचा पोशाख होय. पौषांत पहावें तर डोकें बहुतेक पांढरें असून डोळ्याभोंवतीं व मागें तेवढा काळसर डाग दिसतो.

मग हा ओळखावा कसा? प्रथम आकार पहावा. नेहमींचे लहान कुरव कावळ्याएवढे असतात. हा घारीएवढा असून पंख पसरले असतां दीड मीटरहून अधिक भरतो. नंतर चोंच पहावी. लहान कुरवांची चोंच बारीक व लाल. ह्याची जाड व पिवळी, टोंकाशीं काळा पट्टा व तांबडी छटा असलेली. पाय पिवळसर असतात. पिल्लांचें अंग तपकिरी व शेपटीचें टोंक काळें असतें. पूर्ण वाढीचा पोशाख येण्यास सुमारें चार वर्षें लागतात.

मासे हें ह्याचें मुख्य अन्न. खेकडे व किडेही तो खातो, आणि प्रसंगीं दुसऱ्या पक्ष्याच्या तोंडचा मासा हिसकावून घेतो. दक्षिण रशियापासून मंगोलियापर्यंतच्या सरोवरांतील बेटांवर हे पक्षी वसाहत करून जमिनीवरच घरटीं बांधतात.

तेथवर परत जाण्यास लागणारी शक्ति त्यांनीं आपल्याच पाण्यावर खाऊन व विसावून मिळवावयाची असते. थव्यांत नाव घातली कीं पक्षी उडतात, आणि ती शक्ति व्यर्थ खर्चीं पडते. ह्यास्तव पालकांनीं मुलांस तेथें नेलें तर नाव दूर ठेवण्यास नावाड्यास आधींच सांगावें. आकार व चोंच ह्या दोन खुणा दुर्बिणीनें दुरूनही स्पष्ट दिसतात.